हतनूर धरणाच्या पाण्यासाठी 40 हॉर्सपॉवरची दोन जुनी इंजिनं : कामाची वही

2 फेब्रुवारी
बोट घेतली. 15 फुटी, फायबरची, तळ व्ही आकाराचा, बंद पडलेल्या एका बोटिंग व्यवसायाच्या शेडमध्ये धूळ खात होती. ट्रेलरसकट 38,000. इंजिन नाही, स्टिअरिंग आहे, सीटचा फोम उंदरांनी नेलेला. डॅशबोर्डवरची पाटी वाचता येते: कमाल 85 हॉर्सपॉवर.

एकूण बजेट 1,75,000. चांगल्या अवस्थेतलं एकच 75 चं जुनं इंजिन घ्यायचं, तर तेवढ्यातच बजेट संपतं. 40 ची दोन त्यापेक्षा बरीच स्वस्त पडतात, आणि चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे गेल्यावर एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर परत येता येतं. भाच्याचं म्हणणं, दोन इंजिनं म्हणजे दोनदा बिघाड. तात्यांनी त्याला गप्प केलं. तात्या भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले फिटर. पाना हातात आला की दुसऱ्याचं ऐकत नाहीत.

11 फेब्रुवारी
अलिबागच्या बाजूला जाऊन इंजिनं पाहिली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, 703 सीसी, दोन्ही एकाच मॉडेलची. जलक्रीडावाल्याकडची, म्हणजे खाऱ्या पाण्यात राबलेली. एक 60,000, दुसरं 50,000. पावसाळ्यात समुद्रावरच्या जलक्रीडा बंद असतात. मेच्या शेवटी हंगाम आवरताना हीच इंजिनं बरीच स्वस्त मिळतात. आम्ही भर हंगामात गेलो. मेमध्ये घेतली असती तर यंदाचं पाणी हुकलं असतं, म्हणून जास्तीचे पैसे मोजले.

पाहताना टेप जवळ ठेवा. विकणारा "लाँग शाफ्ट" म्हणतो त्यावर जाऊ नका. बोटीच्या फळीवर बसणाऱ्या ब्रॅकेटच्या आतल्या कडेपासून पंख्याच्या वरच्या आडव्या प्लेटपर्यंत मोजायचं. 15 इंचांच्या आसपास भरलं तर शॉर्ट, 20 च्या आसपास तर लाँग. तिथे तिसरं एक इंजिन याहून स्वस्त होतं, "लाँगच आहे" असं दोनदा सांगून झालं, आणि टेप लावल्यावर शॉर्ट निघालं.

सुरू करून दाखवा म्हटलं तर ड्रममध्ये दोन्ही सुरू झाली. पण इंजिन आधीच कोमट होतं. आम्ही पोहोचण्यापूर्वी कोणीतरी तापवून ठेवलेलं. गार इंजिन पहिल्या दोरीला कसं उठतं, ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आम्ही दिले, पण त्यासाठी भाव पाडून घेतला.

14 फेब्रुवारी
इंजिनं मित्राच्या टेम्पोने वाशीपर्यंत आली. पुढे वाशीला केळी खाली करून सावद्याला परत जाणाऱ्या ट्रकमध्ये टाकली. 3,000 रुपयांत भुसावळ. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगायचं इंजिन, आडवं नेताना वरचं डोकं पायापेक्षा (पंख्याकडच्या खालच्या भागापेक्षा) उंच राहिलं पाहिजे. नाहीतर पायातलं उरलेलं पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये उतरतं. केळीची पानं आणि जुन्या गाद्या खाली घालून डोकी उचलून बांधली.

16 फेब्रुवारी
कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, घेतलं. उजवं इंजिन (60,000 वालं): 120 आणि 118. डावं: 115 आणि 90.

आकडा थोडा कमी असणं चालतं, पण एकाच इंजिनाच्या दोन सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. इथे वीसच्या पुढे आहे. कमी सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून परत मोजलं तर 108. म्हणजे हेड पॅकिंग नाही, रिंगाच गेल्या.

9 मार्च
डाव्या इंजिनाचं डोकं उघडलं. खालच्या सिलिंडरची वरची रिंग कार्बनने खाचेत चिकटलेली, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) उभे ओरखडे. तात्यांनी नखाने तपासलं, नख अडकत होतं. नख अडकलं की हॉनिंगने, म्हणजे नुसतं आतून घासून, भागत नाही. जळगावला अजिंठा चौफुलीजवळच्या एका लेथवाल्याकडून दोन्ही सिलिंडर बोअर करून घेतले. पिस्टन एकाच सिलिंडरचा बदलला असता तर दोन सिलिंडरचं वजन आणि जोर सारखा राहिला नसता. दोन पिस्टन, रिंगा, पॅकिंग सेट आणि बोअरिंग मिळून 14,600.

लेथवाल्याने आधी पिस्टनभोवतीची फट रोजच्या सवयीने मोटरसायकलला ठेवतात तेवढीच ठेवली होती, ती इथे पुरत नाही. शिवाय टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला बाजूला पोर्टांची भोकं असतात, पोर्टाच्या कडा गोल करून द्याव्या लागतात, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. हे दोन्ही त्याला सांगावं लागलं. त्याने ते केलं, पण परत मशीनवर चढवायला आठवडा घेतला.

15 मार्च
पाण्याचे पंप. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला.

पाय उतरवायचे बोल्ट खाऱ्या पाण्याने ॲल्युमिनियममध्ये असे धरले होते की पाना लावला की बोल्टच पिळत होता. गंज सोडवणारं तेल रात्रभर, मग गॅसच्या टॉर्चने भोवतालचं ॲल्युमिनियम गरम, मग पुढे-मागे थोडं थोडं फिरवणं. बोल्ट तापवायचा नाही, भोवतालचा भाग तापवायचा. भाच्याने उलटं केलं आणि बोल्टचं डोकं तुटलं. ड्रिल करून मोठा आटा पाडला.

आतले इंपेलर: उजव्याच्या रबरी पाकळ्या एका बाजूला वळून कडक झालेल्या, डाव्याच्या दोन पाकळ्या गायब. गायब पाकळ्या कुठे गेल्या ते शोधलंच पाहिजे. त्या वरच्या पाण्याच्या नळीत अडकून बसतात, आणि नवा इंपेलर टाकूनही इंजिन तापतं. आम्हाला एक नळीच्या वळणात मिळाली, दुसरी थर्मोस्टॅटच्या (तापल्यावर उघडणाऱ्या पाण्याच्या झडपेच्या) घरात. थर्मोस्टॅट मिठाने गच्च. गरम पाण्यात टाकून पाहिले, एक उघडला, एक उघडलाच नाही.

पाण्याच्या वाटांमधलं मीठ काढायला लिंबूसत्वाचं पाणी थोडा वेळ फिरवलं आणि लगेच साध्या पाण्याने धुतलं. ते ॲल्युमिनियमलाही खातं, म्हणून रात्रभर भिजवून ठेवायचं नाही.

इंपेलर आणि पंपाचे किट 4,200. पायाचं गिअर ऑइल उजव्याचं ठीक होतं, डाव्याचं दुधाळ निघालं. सील बदलले.

22 मार्च
मळ्यातल्या हौदात चाचणी. पंखे काढून ठेवले. शेजारचा मळेवाला बघायला आला आणि धुराकडे पाहून म्हणाला, "इतकं पेट्रोल जाळून राह्यला, मोटर तरी बसव ना भो, ओलीत होईल."

दोन्ही सुरू. बाहेर पडणारी पाण्याची धार दोन्हीची सारखी जोरात. डाव्याला नवे पिस्टन असल्याने पेट्रोल-तेल 25:1 ठेवलं, पहिले दहा तास तसंच. उजव्याला 50:1, म्हणजे दहा लीटरला 200 मिली. तेल टीसी-डब्ल्यू3च (बोटीच्या टू-स्ट्रोकचं) घ्या. भाचा फवारणी पंपाचं 2टी तेल घेऊन आला होता. ते हवेने गार होणाऱ्या इंजिनाचं असतं, त्यातल्या राखेने पाण्यावर गार होणाऱ्या इंजिनाचे प्लग आणि रिंगा चिकटतात. डाव्या इंजिनाची वरची रिंग कशामुळे चिकटली असेल, याचा अंदाज आम्हाला त्यावरून आला.

पेट्रोलबद्दल एक. आता सगळीकडे ई20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं. या जुन्या इंजिनांच्या नळ्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. हौदातल्या चाचणीनंतर उजव्याची नळी हाताला चिकट लागली, आतून काळं सुटत होतं. सगळ्या नळ्या, हातपंपाचा रबरी फुगा आणि कार्ब्युरेटरचे पॅकिंग बदलले, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला. टाकीसकट 6,800. ई20 पेट्रोल टाकीत आठवडेच्या आठवडे ठेवायचं नाही. हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी तळाशी बसतं.

29 मार्च
इंजिनं टांगायला बोटीच्या मागच्या फळीला भोक पाडलं. ड्रिलच्या खोबणीतून लाकडाचा भुसा यायला हवा होता. तपकिरी ओला चिखल आला.

हातोडीने ठोकत गेलो. मधला सगळा भाग बद्द वाजतो. वरून फायबर चकचकीत आहे, आतलं प्लायवूड कुजलंय. आधीच्या मालकाने कधीतरी बोल्ट काढले आणि भोकं उघडी ठेवली, तिथून पाणी शिरलं. दोन्ही इंजिनांचं वजन दीडशे किलोच्या आसपास, शिवाय त्यांचा रेटा. ही फळी पहिल्या दिवशीच सुटली असती.

बोट बघायला जाल तेव्हा आधी हातोडी घेऊन फळीकडे जा, नंतर इंजिनाचा विचार. आमची इंजिनं घरी येऊन पडली होती, म्हणून बोट बदलण्याचा प्रश्नच उरला नाही. इंजिनांसाठी ठेवलेल्या पैशांतून फळीचे पैसे काढावे लागले.

6 एप्रिल
आतली फायबरची कातडी ग्राइंडरने कापून काढली, बाहेरची तशीच ठेवली. कुजलेलं लाकूड खुरप्याने निघालं. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा न घालता हे काम करू नका, फायबरची खाज दोन दिवस जात नाही. बोटीला पंख्यासमोर तीन दिवस वाळू दिलं.

आयएस 710 चं 18 मिमी मरीन प्लाय, दोन थर. साधं वॉटरप्रूफ प्लाय घेऊ नका. दुकानदार "एकच आहे" म्हणतो, शिक्का पाहून घ्या.

13 एप्रिल
रेझिनने पहिल्या दिवशी हरवलं.

दुपारी अकराला काम सुरू केलं, पारा 42 च्या पुढे. पॉलिस्टर रेझिनमध्ये दोन टक्के हार्डनर, डब्यावर लिहिलेलं तेवढंच. बादलीत मिसळलं, प्लायवर पसरायला घेतलं आणि अर्धं पसरेपर्यंत बादलीतलं घट्ट होऊन धूर निघायला लागला. एक थर वाया, सुमारे 1,500 रुपयांचा माल.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला सुरुवात. हार्डनर एक टक्का, बादलीऐवजी पसरट ताट (पसरट भांड्यात उष्णता साचत नाही), आणि एका वेळी पाव लीटरच. खान्देशात एप्रिल-मेमध्ये पुस्तकातल्या प्रमाणावर चालता येत नाही. सकाळी आठनंतर रेझिनला हात लावला नाही.

ॲक्सिलरेटर म्हणजे कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन कधीही थेट एकमेकांत टाकू नका. पेट घेतं. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. दोन्हीच्या बाटल्या आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या.

प्लायचे थर शिकंजे लावून दाबले, वर 450 ग्रॅमची फायबरची मॅट चार थर, कोपऱ्यांत जास्त. एकूण 16,400, वाया गेलेलं धरून.

27 एप्रिल
इंजिनांची उंची. एक इंजिन मध्यभागी असतं तेव्हा सोपं: पंख्यावरची प्लेट तळाच्या रेषेत. दोन इंजिनं बाजूला सरकतात आणि व्ही तळ तिथे वर चढलेला असतो. आमच्या तळाचा उतार 15 अंशांच्या जवळ आहे. मध्यापासून 13 इंच बाजूला गेलं की तळ साडेतीन इंच वर. फळीची मधली उंची 20 इंच, म्हणजे इंजिनाच्या जागी खरी उंची साडेसोळा. लाँग शाफ्ट सरळ टांगलं तर प्लेट तळापेक्षा साडेतीन इंच खाली, पाण्यात नुसता पाय ओढायचा. शॉर्ट टांगलं असतं तर दीड इंच वर, वळणावर पंखा हवा पिऊन गरगरला असता. अलिबागला स्वस्तात मिळणारं ते तिसरं इंजिन घेतलं असतं, तर एक वर आणि एक खाली अशी जोडी झाली असती.

दोन इंच जाडीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा खाली देऊन दोन्ही उचलली. प्लेट आता तळापासून दीड इंच खाली. जास्त उचलायचं धाडस केलं नाही.

भोकं मोठी पाडून रेझिनने भरली, मग त्यातून बोल्टची भोकं. आधीचा मालक हेच करत नव्हता.

4 मे
केबली. भाच्याने रिक्षाच्या क्लचच्या केबली आणल्या, 600 रुपयांत चार. थ्रॉटलला एकवेळ चालल्या असत्या, कारण थ्रॉटलला परत ओढायला स्प्रिंग असते. गिअरला केबल ओढावी लागते आणि ढकलावीही लागते, आणि रिक्षाची केबल ढकलली की वाकते. पुढचा गिअर पडला, मागचा पडेना. बोटीच्या खऱ्या केबली आणि दोन जुने कंट्रोल बॉक्स मिळून 17,500. सगळ्या कामात मला सगळ्यात महाग वाटलेला खर्च हा, कारण याचा काही दिसेल असा फायदा नाही. पण धक्क्याजवळ येताना मागचा गिअर न पडणं मला परवडणार नाही.

दोन इंजिनं एकत्र वळवायचा दांडा लेथवाल्याकडून, आधी लोखंडी. ट्रेलरवर वळवून बघतानाच एका टोकाचा आटा गेला. मग स्टेनलेस पाइप, आत जाड सळईचे आटे, टोकांना बॉल जॉइंट. 2,200. एका इंजिनाला टिल्ट करताना दांडा कुठे अडकतो का, ते आधी पाहा. आमचा अडकत होता, अर्धा इंच कापला.

11 मे
1917 चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 आहे. इंजिन लावलेल्या बोटीला सर्वेक्षण प्रमाणपत्र आणि नोंदणी लागते. धरणाच्या पाण्यासाठी जलसंपदा विभागाचं पत्र वेगळं. हतनूरचं पाणी प्यायलाही जातं आणि दीपनगरच्या वीज केंद्रालाही, त्यामुळे तेल सांडू नका हे त्यांना सांगायची वेळ येऊ देऊ नये. टू-स्ट्रोक घेऊन त्या पाण्यात जाताना मला स्वतःलाही थोडं खटकतं. चाचणीपुरती परवानगी मिळाली.

18 मे
पाण्यात. मेच्या उन्हाने पाणी खूप मागे गेलेलं, काठाला गुडघाभर गाळ. ट्रॅक्टरने ट्रेलर उतरवला. लाइफ जॅकेट, इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी मनगटाला, तात्या काठावर.

उभ्या बोटीचा मागचा भाग खाली बसला. फळीतल्या पाणी जाण्याच्या भोकांतून पाणी उलटं आत यायला लागलं. दोन इंजिनं, बॅटरी आणि भरलेली टाकी सगळं मागेच. बॅटरी आणि टाकी पुढच्या सीटखाली नेली, भोकांना झाकण्या लावल्या, तेव्हा कुठे फळी वर आली.

निघालो. उचल चांगली, बोट चटकन पाण्यावर उठली. मग डाव्याची धार बारीक झाली आणि तापल्याचा भोंगा वाजला. बंद केलं, वर उचललं: पाणी घ्यायच्या जाळीवर जलपर्णीची मुळं आणि गाळाचा लेप. उथळात इंजिन अर्धं टिल्ट करून, हळू, खोल पाण्यात गेल्यावरच खाली सोडायचं. जलपर्णीचा पट्टा दिसला की वळसा. परत येताना मुद्दाम एकाच इंजिनावर आलो, दुसरं वर उचलून: ताशी 11 किमी. बोट पाण्यावर उठत नाही, पण घरी येते.

25 मे
मोबाइलच्या जीपीएसवर पूर्ण थ्रॉटलला 43 किमी, आणि इंजिनं मिनिटाला 5,800 फेऱ्यांवर. कंपनीची मर्यादा 5,500. म्हणजे पंखे हलके आहेत. 11 इंच पिचचे (पिच म्हणजे एका फेरीत पंखा जितका पुढे सरकायला हवा ते अंतर), जड माल ओढणाऱ्या बोटींचे. पिच एक इंच वाढवलं की फेऱ्या दीड-दोनशेने उतरतात. त्या हिशोबाने 13 चे जुने दोन मिळवले, 9,000.

आज बसवले: 5,400 फेऱ्या, 47 किमी. गिअर 2:1, म्हणजे पंखा 2,700 वर. 13 इंच गुणिले तेवढ्या फेऱ्या काढल्या तर घसरण नसती तर 53 च्या पुढे जायला हवं. बारा टक्के घसरण धरली तर 47, हिशोब बसतो. आता इंजिनं जोर पूर्ण देतात, त्यापेक्षा जास्त मागायचं नाही.

पण बोट डावीकडे झुकते आणि स्टिअरिंग सतत एका बाजूला ओढतं. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात, उलट्या फिरणाऱ्या जोड्या एवढ्या लहान इंजिनांत मिळत नाहीत. पंख्यामागचे छोटे पंख (झिंकचे) थोडे वळवून ओढ निम्म्याने कमी झाली. दोन्हीचे सारखेच वळवायचे. आम्ही एकच वळवला तेव्हा दांडा थरथरायला लागला.

8 जून
उकाड्यात गरम झालेलं उजवं इंजिन पाच-सात मिनिटं थांबलं की परत उठत नाही. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं असं वाटतं. फुगा दाबून, चोक न लावता, थ्रॉटल थोडं उघडून ओढलं की उठतं. चोक लावला की प्लग ओला. नवे पिस्टन असलेलं डावं कधीच असं करत नाही, जे स्वस्त घेतलं होतं. 60,000 वालं उजवं मात्र आजही तेवढंच थकलेलं आहे. पुढच्या हिवाळ्यात त्याचंही डोकं उघडायचं.

एका चकरीत दोन्ही मिळून पेट्रोल किती प्यायलं, ते तात्यांनी टाकीत दांडा घालून मोजलं आणि आकडा मला सांगितला नाही. पूर्ण थ्रॉटलवर 40 चं टू-स्ट्रोक तासाला पंधरा-वीस लीटर खातं, दोन म्हणजे त्याच्या दुप्पट. आता थ्रॉटल तीन चतुर्थांशावर ठेवतो, वेग 38 च्या आसपास पडतो आणि खर्च बराच उतरतो.

एकूण 2,36,200. 1,75,000 च्या वर गेलेले जवळपास सगळे पैसे फळी, केबली, पंखे आणि पिस्टन यांत आहेत. इंजिनांच्या मूळ किमतीत नाही.

पूर्णेच्या बाजूला पाऊस सुरू झाल्याची बातमी आहे. हतनूरला 41 दरवाजे आहेत, आणि ते उघडायला लागले की त्या पाण्यात कोणी जाऊ नये. टाक्या रिकाम्या केल्या, कार्ब्युरेटर इंजिन चालू ठेवून कोरडे केले, प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडून हाताने फिरवलं. इंजिनं उभीच ठेवली आहेत. बोट केळीच्या शेडमध्ये, पाणी जायच्या भोकांची झाकणं काढून, फळीतली बोल्टची भोकं बुजवून.